मोठ्या इंचाची पट्टी

एक वस्ताद होते आणि त्यांचा एक शिष्य होता, एवढे वाचले की वाचकाच्या डोळ्यांपुढे पर्णकुटी उभी राहते, शेजारी वटवृक्ष येतो आणि छातीपर्यंत रुळणारी पांढरी दाढी येते. आपल्या गोष्टीतले वस्ताद रोज सकाळी गुळगुळीत दाढी करीत, पायजम्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा घालीत, आणि त्यांची पर्णकुटी म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातली एक पत्र्याची शेड होती. एकांताचे त्यांना वेड नव्हते. आजूबाजूच्या चार कारखान्यांचा खडखडाट कानावर पडला नाही, तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

यल्लाप्पा सुतार हे त्यांचे नाव. फौंड्रीत लोखंडाची वस्तू ओतायची, तर आधी तिची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबायची, ठसा उमटला की अलगद काढून घ्यायची आणि उरलेल्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. या प्रतिकृतीला कारखान्यात पॅटर्न म्हणतात. वस्तादांनी जन्मभर पॅटर्न केले. त्यांच्या लाकडावरून ओतलेले पंप कुठल्या कुठल्या विहिरींवर पाणी उपसत असतील, पण ती लाकडे कुणाच्या दृष्टीस पडली नाहीत, आणि त्याचे वस्तादांना काही वाटतही नसे.

सयाजी पोवार हा त्यांचा शिष्य. मिसरूड फुटायच्या वयात तो त्यांच्या हाताखाली आला होता. ही गोष्ट घडली तेव्हा त्याच्याच कानशिलावर पांढरे केस होते. घरामागच्या मोकळ्या जागेत त्याने स्वतःचा छोटा कारखाना काढला होता. एक मिलिंग मशीन, एक जुना लेथ आणि आराखडे काढायला संगणक. वस्तादांचा हात आता कापत असे, म्हणून त्यांनी काम सोडले होते. मात्र दुपार कलली की ते सयाजीकडे येत, उलट्या खोक्यावर बसत, चहा घेत आणि शिष्याचे काम बघत. काम पसंत पडले तर ते ‘हूं’ म्हणत. पसंत पडले नाही तरी ‘हूं’च म्हणत. या दोन हुंकारांतला भेद ओळखायला सयाजीला अर्धे आयुष्य लागले होते, आणि तरी तो अधूनमधून फसत असे.

सयाजीच्या उमेदवारीतली एक चूक इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ती कामाला येणार आहे. त्याला पहिलाच स्वतंत्र पॅटर्न करायला मिळाला होता, पंपाच्या एका भागाचा. त्याने जीव ओतून काम केले, कडा घासून घासून चकचकीत केल्या, मापात केसाचा फरक ठेवला नाही. फौंड्रीतून ओतीव भाग आला तो लहान. काही केल्या बसेना. पोरगा रडकुंडीला आला. वस्तादांनी त्याच्या हातातली पट्टी बघितली, ती शाळेच्या दप्तरातली होती. मग त्यांनी आपल्या खिशातली पितळी पट्टी काढून तिच्याशेजारी ठेवली. दोन्हींवरचे इंच जुळेनात. वस्तादांच्या पट्टीवरचा प्रत्येक इंच किंचित मोठा होता. तापलेला धातू निवताना आकसतो. ते पुढचे आकसणे पॅटर्नवाल्याला आज माप घेतानाच हिशेबात धरावे लागते, आणि म्हणून त्याची पट्टीच वेगळी असते. तो फसलेला लोखंडी भाग वस्तादांनी भंगारात जाऊ दिला नाही. सयाजीने कारखाना काढला त्या दिवशी त्यांनी तोच भेट म्हणून आणला. कुणी नारळ आणला, कुणी गणपतीची तसबीर आणली, वस्तादांनी हे आणले. तेव्हापासून वाऱ्याने दार मिटू नये म्हणून तो दाराशी टेकवलेला असे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

सयाजीला एकच मुलगी होती, नंदिनी. नववीत शिकत होती आणि क्लबात रायफल नेमबाजीचा सराव करीत होती. हवेच्या दाबावर चालणारी ही खेळाची रायफल. तिने दूरच्या कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर छर्रा मारायचा असतो. ताटावर बसली तर दोन घास स्वस्थ न खाणारी ही मुलगी रायफल खांद्याला लावली की श्वाससुद्धा जपून घेई. तिची आई उज्ज्वला म्हणायची, “घरात एक खांब रोवून तिथं हिला बंदूक घेऊन उभी केली पाहिजे, म्हणजे तरी शांतता लाभेल.” नंदिनीचा नेम चांगला होता. जिल्ह्याच्या संघात तिचे नाव घेतले जाऊ लागले होते.

आणि मग तिला ताप येऊ लागला. संध्याकाळी चढणारा, सकाळी उतरणारा, कुणाला फारसा न जाणवणारा बारीक ताप. तपासणीत फुफ्फुसाच्या आवरणात पाणी निघाले आणि टीबीचे निदान झाले. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर शहाणे होते, त्यांनी स्पष्ट सांगितले की औषध मध्येच सोडले नाही तर मुलगी पूर्ण बरी होईल, थोडी ताकद आली की खेळूही द्या. ताप हटलासुद्धा. पण मुलगी वाळून गेली होती. खांदे पुढे झुकले, मनगटे काटकुळी झाली, कपडे अंगावर लोंबू लागले. भेटायला येणारी माणसे चांगल्या मनाने यायची आणि नंदिनीच्या देखत म्हणायची, “काय नेम होता हो पोरीचा.” होता, असे म्हणायची. जिवंत माणसापुढे असे बोलू नये, हे आपल्याकडे कुणी शिकवीत नाही.

एके दिवशी नंदिनीने कपाटातली रायफल बाहेर काढली. खांद्याला लावली. नळीचे टोक थरथरले, खाली आले, तिने ते पुन्हा वर नेले, ते पुन्हा खाली आले. सयाजी दारात उभा राहून बघत होता. तिने रायफल खोळीत घातली आणि चेन ओढली.

“जड लागती काय गं?” सयाजीने विचारले.

“व्हय, जड लागती. नको आता पप्पा. क्लबात कुणाला तरी लागंल, देऊन टाका. मी काय आता उचलतो ती.” कोल्हापुरातल्या मुली स्वतःविषयी मुलांसारखेच बोलतात, ‘मी जातो, मी येतो’ म्हणतात, एरवी त्या बोलण्यात एक रग असते. त्या दिवशी ती नव्हती.

सयाजीने त्यातला एकच शब्द धरला. जड. घरात मूल आजारी असले की बापाच्या हातांना काही काम नसते. औषध डॉक्टर देतो, पेज आई करते, बाप नुसता दारात उभा असतो. इतके आठवडे दारात उभ्या राहिलेल्या या माणसाला एकाएकी आपल्या हातांजोगे काम सापडले. रायफल जड आहे ना, मग ती हलकी करू. नळी आणि आतली यंत्रणा तशीच ठेवायची, ती कंपनीची; पण ज्या अंगाला ती बसवलेली असते, जे खांद्याला टेकते आणि ज्यावर गाल ठेवायचा असतो, तो दस्ता बदलता येतो. तो आपण घरी करू, अगदी तिच्या अंगाबरहुकूम.

तो कामाला लागला. खांद्यापासून बोटांपर्यंत, मानेपासून खांद्यापर्यंत, गालाच्या हाडापासून डोळ्यापर्यंत त्याने तिची मापे घेतली. मऊ मेणाचा गोळा तिच्या मुठीत दाबायला दिला आणि त्यावर उमटलेला बोटांचा ठसा जपून ठेवला. संगणकावर आराखडा काढला. शिवण नावाच्या झाडाचे लाकूड आणले, कारण ते वजनाला हलके आणि सहसा न वाकणारे. आतून जिथे जिथे पोखरता येईल तिथे पोखरायचे ठरवले, आणि जिथे ताकद हवी तिथे ॲल्युमिनियमची पातळ पट्टी बसवायची. बाजारातल्या दस्त्यांना मागचा भाग पुढेमागे सरकवायची सोय असते, गालाखालची फळी वरखाली करता येते. त्या सोयीला पेच लागतात, सळ्या लागतात, आणि पेच व सळ्या म्हणजे वजन. सयाजीने ती सगळी सोय काढून टाकली. नेमके माप घेतल्यावर सरकवायचे कशाला, असा त्याचा बिनतोड सवाल होता. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला अचूकपणाचे व्यसन लागते, आणि दारूसारखे त्यातही माणूस आपल्याला काही झालेले नाही असेच म्हणत असतो.

लाकडाचा भुसा मुलीच्या छातीला बाधू नये म्हणून तो कारखान्याची दारे-खिडक्या घट्ट लावून यंत्र चालवी, आणि बाहेरच्या नळावर अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकीत नसे. नंदिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून काचेतून बघत राही. काचेपलीकडे बाप, त्याच्या तोंडाला फडके, अंगावर पांढरट भुसा, आणि हातात हळूहळू आकार घेणारे लाकूड. कधी तो मान वर करून तिच्याकडे बघून हात हलवी. ती पण हलवी.

वस्ताद हे सगळे बघत होते. एकदा त्यांनी विचारले, “माप कवा घेतलंस?”

“मागल्या महिन्यात.”

“पुन्हा घेणार हाईस?”

“कशाला वस्ताद? एकदम नेमकं घेतलंय. मेणाचा ठसा बी हाय.”

“हूं,” वस्ताद म्हणाले. सयाजीने तो हुंकार आपल्याला हवा तसा ऐकला.

दस्ता तयार झाला तेव्हा तो खरोखर देखणा होता. सयाजीने त्याला तेल पाजले तशी शिवणीची फिकट नक्षी वर आली. त्याने वजनकाट्यावर जुना दस्ता ठेवला, मग नवा ठेवला, आणि एकटाच हसला. रायफल जोडून त्याने ती नंदिनीच्या हातात दिली.

तिने ती खांद्याला लावली. दस्ता खांद्याच्या खळगीत बसला, गाल आपोआप जागेवर टेकला, बोटे मुठीत एकेक करून आपापल्या खाचेत गेली. नळीचे टोक जवळजवळ स्थिर राहिले.

“बसतंय?”

“बसतंय की. एकदम.”

“हलकं हाय न्हवं?”

“हलकं हाय पप्पा. छान केलाय.” ती हसली. मग तिने रायफल खांद्यावरून काढली, क्षणभर मुठीतल्या बोटांच्या खाचांकडे बघत राहिली, आणि ती खोळीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी क्लबात जायचे ठरले होते. ती गेली नाही. कंटाळा आला म्हणाली. मग शाळेचा अभ्यास आला, मग मैत्रिणीकडे जायचे निघाले. खोळीची चेन काही उघडली गेली नाही. सयाजीने विचारले, कुठे टोचते का, कुठे कमी-जास्त झाले का. “काहीच न्हाई पप्पा, खूप छान झालाय,” एवढेच ती म्हणे. जी मुलगी पूर्वी भाजीत मीठ कमी पडले तरी बापाशी भांडायची, ती आता त्याच्याशी पाहुण्यासारखी बोलू लागली होती. सयाजीला त्या तापाची भीती वाटली नव्हती एवढी या गोडपणाची वाटू लागली.

त्याने वस्तादांना सांगितले. “सगळं जमलंय वस्ताद. वजन जमलंय, माप जमलंय. आणि पोरगी हातच लावत न्हाई. सोडलं बघा तिनं.” बोलता बोलता तो उगाचच यंत्रावरची पुसलेली जागा पुन्हा पुसू लागला.

वस्ताद म्हणाले, “आण बघू तो हिकडं.”

सयाजीने रायफलीपासून दस्ता सोडवून आणला. वस्तादांनी तो मांडीवर आडवा ठेवला, त्यावरून बोटे फिरवली, मुठीच्या खाचांत स्वतःची बोटे घालून बघितली. ती अर्थातच मावली नाहीत. मग ते उठले, त्यांनी दस्ता शिकंज्यात घट्ट आवळला, खिशातली पेन्सिल काढली आणि खांद्याकडच्या बाजूला एक आडवी रेघ मारली.

“करवत दे.”

वस्ताद मागतील ते द्यायचे, का म्हणून विचारायचे नाही, ही सवय सयाजीच्या अंगात भिनलेली होती. त्याने करवत दिली. त्याला वाटले, कुठे कड काढायची असेल.

वस्तादांनी करवत रेघेवर ठेवली आणि दस्ता कापायला सुरुवात केली.

इतक्या आठवड्यांचे काम सयाजीच्या डोळ्यांदेखत भुसा होऊन खाली पडत होते. वस्तादांचा हात कापत होता, करवत अडत होती, पुन्हा चालत होती. शेवटी दस्त्याचा मागचा तुकडा टपकन खाली पडला. पण वस्ताद थांबले नाहीत. त्यांनी मूठ बघितली, कानस घेतली आणि सयाजीने मेणावरून जिवापाड जपून उतरवलेल्या बोटांच्या खाचा घासायला घेतल्या.

“वस्ताद,” सयाजी अखेर म्हणाला, “दुसऱ्या कुणी केलं असतं तर हात धरला असता मी.”

“ठाऊक हाय मला.”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून नंदिनीने हे बघितले होते. ओढणी नाकाला लावून ती धावत आली आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच कारखान्याच्या दारात उभी राहिली. पाठोपाठ उज्ज्वला आली. “आजोबा, काय केलंत हे? पप्पांनी किती...” नंदिनी म्हणाली. तिने खाली पडलेला तुकडा उचलून छातीशी धरला.

वस्ताद खोक्यावर टेकले. त्यांना दम लागला होता. मग त्यांनी पायातल्या चपलेच्या टोकाने दाराशी टेकवलेला तो जुना लोखंडी भाग हळूच ठोठावला.

“सया, लेका, पुन्यांदा शाळेतली पट्टी घेतलीस.”

“न्हाई वस्ताद. दहादा तपासलंय मी.”

“तेच म्हणतोय. आजची पोर मोजलीस, केसाचा फरक न्हाई. पर आजची पोर कशी हाय? वाळलेली, खांदं पाडून उभारलेली. तू नंदिनीचं माप घेतलं न्हाईस, तिच्या दुखण्याचं घेतलंस. दुखणं काय कायमचं राहायला आलेलं न्हाई, ते जाणार. मग ह्यो दस्ता बसवायचा कुणाला?” त्यांनी श्वास घेतला. “लोखंड निवताना आकसतंय म्हणून आपली पट्टी मोठी असती. हितं तर पोर बरी होताना वाढणार हाय. आन् तू सरकवायची जागाच काढून टाकलीस. तुझ्या बायकोला बघ. पोरीचं कपडं तिनंबी आत घेतल्यात. पर कात्री लावली काय? कच्चा दोरा घातलाय, कापड आत हाय तसं हाय. दोरा वढला की ड्रेस पहिल्यासारखा. गालाला लाकूड लावल्यावर पोरीला कळतंय बाबा, बाप आपल्याला केवढी धरून चाललाय ते.”

सयाजीने उज्ज्वलाकडे बघितले. तिने मान खाली घातली होती आणि नंदिनीच्या कुडत्याची बाजूची शिवण नकळत दोन बोटांत धरली होती.

नंदिनी हळू आवाजात म्हणाली, “पप्पा, मला वाटलं डॉक्टरांनी तुम्हाला कायतरी सांगितलंय. मला सांगितलं नाही, असं. एवढा हलका, एवढा बारीक केलाय, आणि परत सैल करायला काहीच ठेवलं नाही. मला वाटलं, मी आता एवढाच राहणार, ते तुम्हाला ठाऊक हाय.”

ती क्लबात का गेली नव्हती, ते आता सगळ्यांना कळले. इतके दिवस ती एकटी हे मनात घेऊन हसत होती, अभ्यासाची कारणे सांगत होती, आणि बापाला वाईट वाटू नये म्हणून दस्ता छान झालाय म्हणत होती.

“कायसुद्धा सांगितलं न्हाई गं डॉक्टरांनी,” सयाजी म्हणाला. “बरी होणार असंच म्हणाले. तुझ्यासमोर जे बोलले तेच. माझाच जीव थाऱ्यावर न्हवता. तोंडानं म्हणत होतो बरी होशील, बरी होशील, आणि हातानं...” तो खाली बसला आणि भुशाने भरलेल्या हातांनी तोंड झाकून रडला. नंदिनी त्याच्याजवळ बसली. भुसा छातीला बाधेल म्हणून तो तिला बाहेर ढकलू लागला, आणि ती जाईना. शेवटी उज्ज्वलाने दोघांनाही ओढून अंगणात आणले.

वस्ताद आत एकटेच उरले. थोड्या वेळाने त्यांनी आतूनच हाक दिली, “सया, करवत वाकडी गेली बघ. वय झालं. तू सरळ करून घे.”

मग तो दस्ता नव्याने घडला. कापलेल्या जागी सयाजीने दोन पातळ पोकळ नळ्या बसवल्या आणि मागचा तुकडा त्यांवर पुढेमागे सरकेल असा केला. मधल्या फटीत घालायला शिवणीच्याच पातळ चकत्या कापल्या. मुलगी ताठ उभी राहू लागेल, खांदा भरेल, तशी एकेक चकती वाढवायची. मुठीत हात घालायची पोकळी त्याने मोठी कोरली, इतकी मोठी की नंदिनीचा हात तिच्यात हरवला, आणि मग आतून मऊ चामड्याचे थरावर थर दिले. हात भरेल तसा एकेक थर उतरवायचा. दस्त्याच्या पोटाशी वस्तादांनी त्याला काही पोकळ कप्पे ठेवायला लावले. आज ते रिकामेच राहणार होते, म्हणजे दस्ता पहिल्याइतकाच हलका. पुढे ताकद आली की त्यांत थोडे थोडे वजन घालता येईल, कारण चांगल्या नेमबाजाला रायफल फार हलकी चालत नाही. तिला थोडा भार लागतो, त्याशिवाय ती स्थिर राहत नाही. चकत्या ठेवायला नंदिनीने आपली जुनी कंपासपेटी आणून दिली. आतली पट्टी आणि कोनमापक तिने काढून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी ती क्लबात गेली. थोडा वेळच उभी राहिली आणि दमून परत आली. छर्रे कुठल्या कुठे गेले होते. आल्या आल्या ती आईशी चहात साखर कमी म्हणून भांडली. सयाजीने ते ऐकले आणि यंत्राकडे तोंड करून उभा राहिला.

आपणही घरातल्या दुखणेकऱ्याला आजच्या मापाने मोजतो. त्याची खोली लहान करतो, त्याच्याशी बोलायचे विषय लहान करतो, त्याच्याकडून असलेल्या अपेक्षाही लहान करतो, आणि हे सगळे प्रेमानेच करतो. त्या माणसाला मात्र आपल्या प्रेमाआधी आपली पट्टी दिसते.

गोळ्यांचा कोर्स संपला, थंडी आली आणि गेली. नंदिनी काय करते ते सयाजी विचारीत नसे. फक्त रायफलीची खोळ कधी कधी दुसऱ्याच जागी ठेवलेली दिसे, आणि कधी केरात चामड्याचा एखादा थर सापडे. उज्ज्वला एका दुपारी उंबऱ्यात बसून नंदिनीच्या कुडत्यांचे कच्चे दोरे ओढून काढत होती. ते दोरे तिने गुंडाळून शिवणाच्या डब्यात परत ठेवले, टाकले नाहीत.

आणि मग एक दिवस नंदिनी कारखान्यात आली. ताठ मानेने, दोन्ही खांदे मागे टाकून. तिने कंपासपेटी सयाजीसमोर उघडून धरली. पेटी रिकामी होती.

“चकत्या संपल्या पप्पा. आणि पोटातले कप्पे पण भरले सगळे. मी आता काय घालू?”

सयाजीने पेटीकडे बघितले, मग तिच्याकडे बघितले. तिच्याशी बोलायला त्याला मान किंचित वर करावी लागली की काय, असे त्याला वाटून गेले.

“ठेव पेटी,” तो म्हणाला. “देतो करून.”

ती क्लबात निघून गेली. सयाजीने शिवणीची एक फळी काढली आणि यंत्र सुरू केले. दुपार कलली तेव्हा वस्ताद आले, खोक्यावर बसले. यंत्राखालून एकामागून एक चकत्या सुटून बाजूला ढीग होत होता.

“काय चाललंय?”

“नंदिनीच्या चकत्या. पेटी संपली तिची.”

“आता कितीक करणार?”

जन्मभर केसाकेसाने मोजत आलेल्या त्या माणसाने यंत्रावरची नजर काढली नाही.

“मोजल्या न्हाईत वस्ताद.”

“हूं,” वस्ताद म्हणाले. या वेळी सयाजीला तो हुंकार ओळखायला क्षणाचाही वेळ लागला नाही.